फुलपाखरांच्या जंगलातली लाल साल्व्हिया: कोणी नीट बघितलीये का?

तोलुकाकर
मोनार्क फुलपाखरांवर इथे आधी धागे येऊन गेलेत म्हणून त्यांचं कौतुक परत करत नाही. मला बोलायचंय ते त्याच जंगलात खाली उभ्या असलेल्या एका झुडपाबद्दल, ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मी कामानिमित्त मेक्सिकोत तोलुकाला राहतो, तिथून ही अभयारण्यं गाडीने जवळ पडतात, त्यामुळे थंडीत कोणी पाहुणा आला की त्याला घेऊन जाणं हे माझ्याकडे लागलेलंच आहे. लोक अंगांग्वेओ नाहीतर ओकाम्पोवरून एल रोसारिओला येतात, घोड्यावर बसून किंवा धापा टाकत वर चढतात, माना वर करून ओयामेलच्या, म्हणजे इकडच्या फरच्या, झाडांना लटकलेले फुलपाखरांचे केशरी घोस बघतात, मोबाईल काढतात आणि उतरतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी झुडपं असतात, त्यांना लालभडक लांबुडकी फुलं, आणि तीच फुलपाखरं त्या फुलांवर अगदी हाताच्या अंतरावर बसलेली असतात. तरी सगळ्यांचं लक्ष वर.

तर हे झुडूप म्हणजे साल्व्हिया फुल्जेन्स. इकडचे लोक मिर्तो म्हणतात, पण ते कुठल्याही लाल फुलाच्या साल्व्हियाला मिर्तोच म्हणतात, त्यामुळे गावात विचारून जात कळेल ही आशा सोडा. आपल्याला बागेतली जी लाल साल्व्हिया माहीत असते ना, वाफ्यात ओळीने लावलेली, ती ब्राझीलच्या डोंगरातली स्प्लेन्डेन्स, ती वेगळी. ही मेक्सिकोच्या मध्यातून आडव्या गेलेल्या ज्वालामुखींच्या रांगेतली. साधारण १९ ते २० अक्षांश म्हणजे चक्क मुंबईच्या रेषेत, नकाशावर उष्ण कटिबंधच, पण उंची अडीच-तीन हजार मीटर असल्याने डिसेंबरात पहाटे गवतावर हिम असतं आणि दुपारी बारा वाजता उन्हात स्वेटर नकोसा होतो. उन्हाळा-हिवाळ्यात जेवढा फरक पडत नाही तेवढा इथे रात्र आणि दुपार यात पडतो. अशा ठिकाणी रसाळ खोडाचं, एवढ्या मोठ्या फुलांचं झुडूप टिकतं कसं हे मला पहिल्यापासून नवल वाटत आलंय.

जवळून बघितलं तर खोड चौकोनी. बोटांच्या चिमटीत धरून फिरवलं की चार कडा सरळ लागतात, कारण कूळ तुळशीचंच. पानं समोरासमोर, बदामी आकाराची, कडेला दातेरी, खालच्या बाजूने फिकट आणि लवदार. फूल दोन-तीन सेंटिमीटरची नळी, पुढे दोन ओठ, वरचा ओठ टोपीसारखा पुढे आलेला आणि त्या टोपीवर लाल केसांची लव. ही लव उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघितली की फुलाला कडेने लाल रेघ मारल्यासारखी दिसते. खालचा पेला तपकिरी-लालसर असतो, त्यामुळे फूल गळून गेलं तरी फांदी लांबून रंगीतच वाटते.

आता मुद्दा. पाऊस इकडे साधारण जून ते ऑक्टोबर. तो संपता संपता जंगलात फुलांचा माल भरपूर असतो आणि मग कोरडे महिने लागतात, फुलं कमी कमी होत जातात. नेमकं त्याच काळात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कॅनडाच्या दक्षिणेपासूनची मोनार्क येऊन पोचतात, अर्ध्या ग्रॅमचा जीव ४,००० किलोमीटरपेक्षा जास्त उडून. ती इथे मार्चपर्यंत राहतात. आणि हिवाळ्याला याच डोंगररांगांमध्ये आणखी एक पाहुणा येतो, रुफस हमिंगबर्ड, ज्याची वीण पार अलास्कापर्यंत होते. वजन तीन-साडेतीन ग्रॅम. म्हणजे खंडाच्या दोन टोकांकडून आलेले दोन प्रवासी, एक कीटक एक पक्षी, आणि दोघांना थंडीत मध मिळतो तो ज्या मोजक्या झुडपांतून, त्यात या लाल साल्व्हिया आहेत. माझं म्हणणं एवढंच की आपण जंगल म्हटलं की झाडं मोजतो आणि प्राणी मोजतो, मधला थर कोणी मोजतच नाही.

कोणी बघितलीये का ही? वनस्पतीवाल्यांनी भर घालावी.

खवचट_काका
फोटो कुठायत? फोटोशिवाय धागा म्हणजे नुसता शब्दांचा फुलोरा. बाकी लेख छान जमलाय, दाद द्यायलाच हवी, नाहीतर परत म्हणाल काका नेहमी खवचटच बोलतात.

तोलुकाकर
काका, चढवतो हो, इथे साईज कमी केल्याशिवाय घेत नाहीये. आणि खरं सांगू का, लाल रंग मोबाईलवर पार फुटतो. पाकळीवरचे सगळे बारकावे जाऊन नुसता लाल डाग येतो. ढगाळ वेळी काढलेले जरा बरे आलेत.

मृण्मयी_
वाचतेय. इतकं झुडपाबद्दल कोणी लिहिलेलं पहिल्यांदाच वाचलं. एक शंका, मोनार्क थंडीत तिथे काहीच खात नाहीत, नुसती झोपून असतात असं कुठेतरी वाचलं होतं मग ही फुलांवर कशी?

पानोपानी
मृण्मयी, नुसती झोपून नसतात. वाटेत, विशेषतः टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत, ती फुलांवर भरपूर चरतात आणि अंगात चरबी साठवून आणतात, हिवाळा मुख्यतः त्या साठ्यावर निघतो. म्हणूनच थंड जंगल हवं असतं त्यांना, थंडीत शरीराचा खर्च कमी. पण ऊन पडलं की उठतात, झऱ्यावर पाणी प्यायला जातात आणि वाटेत फुलं असली तर मधही घेतात. सेनेसिओची पिवळी फुलं आणि ही साल्व्हिया, या दोन्हींवर ती तिथे नेहमी दिसतात. त्यामुळे तोलुकाकरांचं बरोबर आहे, फक्त "मोनार्क साल्व्हियावर जगतात" असं कोणी वाचू नका, तो वरखर्च आहे, पगार नाही.

पण हे फूल मुळात फुलपाखरासाठी बनलेलंच नाही, ते बनलंय हमिंगबर्डसाठी. लाल रंग, लांब नळी, वास नाही, बसायला नीट जागा नाही, आणि पातळ भरपूर मध. मधमाशीच्या डोळ्यात लाल रंगासाठी वेगळी पेशी नसते, तिला हिरव्या पानांत लाल फूल उठून दिसत नाही. पक्ष्याला दिसतं. म्हणजे ही जवळजवळ खाजगी खानावळ आहे, पाटी अशा रंगात लावलीये की ठरावीक गिऱ्हाइकालाच वाचता यावी.

साल्व्हियाची खरी गंमत पुंकेसरात आहे. फक्त दोन पुंकेसर आणि प्रत्येकाचा मधला भाग लांब ताणला जाऊन त्याची तरफ झालेली. मधमाशीच्या साल्व्हियात माशी आत डोकं घालते, तरफेच्या खालच्या टोकाला ढकलते, वरचं टोक खाली येऊन तिच्या पाठीवर पराग थापतं, माशी मागे सरली की सगळं परत जागेवर. जर्मनीच्या श्प्रेंगेलने १७९३ मध्ये हे पहिल्यांदा नीट लिहून आणि चित्रं काढून दाखवलं, युरोपातल्या माळरानावरच्या निळ्या साल्व्हियावर. पण पक्ष्यांकडे वळलेल्या बऱ्याच जातींमध्ये ही तरफ अर्धवट झालीये किंवा हलतच नाही, कारण गरजच नाही, पक्षी चोच खुपसतो तेव्हा त्याचं कपाळ आपोआप परागकोशाला लागतं. जातीगणिक नळीची लांबी आणि केसरांची जागा वेगळी, त्यामुळे एका जातीचा पराग कपाळावर तर दुसरीचा चोचीच्या बुडाशी. एकाच डोंगरावर चार लाल साल्व्हिया फुललेल्या असल्या तरी एकमेकींचे पराग त्यामुळे फारसे मिसळत नाहीत.

विहंगम
पानोपानी, दंडवत घ्या. पक्ष्यांच्या बाजूने माझी भर.

त्या उंचीवर वर्षभर राहणारा, सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे पांढऱ्या कानाचा हमिंगबर्ड, डोळ्यामागे ठसठशीत पांढरी पट्टी आणि नराची चोच लाल. पाइन-ओकच्या जंगलात तो एक झुडूप धरून बसतो आणि दुसऱ्या कोणाला फिरकू देत नाही. रुफस आला की मग रोजची मारामारी कारण रुफस आकाराने लहान असला तरी स्वभावाने अत्यंत भांडकुदळ. रात्री थंडी पडली की हे पक्षी शरीराचं तापमान खूप खाली आणतात, हृदयाचे ठोके मंद, जवळजवळ मेल्यासारखे पडून राहतात, सकाळी परत तापायला वेळ लागतो आणि तापल्या तापल्या लगेच मध लागतो. तेव्हा फूल कुठे आहे हे त्यांना आदल्या दिवसापासून पाठ असतं.

आणि चोराचा उल्लेख कोणीच केला नाही अजून! तिथे एक छोटासा पक्षी असतो, इंग्रजीत फ्लॉवरपिअर्सर म्हणतात, मेक्सिकोतला नर वरून राखाडी आणि पोटाला दालचिनी रंगाचा. त्याच्या वरच्या चोचीला पुढे आकडा आहे आणि खालची चोच टोकदार. तो पुढून येतच नाही. फुलाच्या बाजूला फांदीवर बसतो, वरच्या आकड्याने नळी धरतो, खालच्या चोचीने बुडाशी भोक पाडतो, जीभ घालतो, पुढच्या फुलाकडे. एका फुलाला सेकंदसुद्धा लागत नाही. परागाला हातही न लावता मध गायब. मग तीच भोकं मागून येणारे भुंगे आणि माशा वापरतात.

चिमणपाखरू
@विहंगम हे भोक साध्या डोळ्यांनी दिसतं का? म्हणजे फुलावरून ओळखता येईल का की चोरी झालीये?

विहंगम
दिसतं की. फुलाच्या बुडाशी, पेल्याच्या जरा वर, बारीक चीर असते, कडा तपकिरी पडलेल्या. कधी चीर पेल्यातूनच आरपार असते. एखादं झुडूप धरून खालून वर एकेक फूल बघत जा, चोराची पाळत असलेल्या झुडपावर लागोपाठ फुलांना सापडेल. मला तर हे फुलपाखरांपेक्षा जास्त आवडतं, कोणी काही म्हणा.

तोलुकाकर
हे मी बघितलंय पण किड्यांनी खाल्लं असेल म्हणून सोडून देत होतो! आता फोटो झूम करून बघतो. विहंगम, पानोपानी, यासाठीच धागा काढला होता.

सावनी_
अवांतर: साल्व्हिया म्हणजे तीच ना, चिया सीड्सवाली? आमच्या ऑफिसात सगळे चिया खातात आणि कोणी सब्जा आणला की दोन्ही एकच आहे म्हणून भांडतात.

पानोपानी
वंश तोच, जात वेगळी. चिया म्हणजे साल्व्हिया हिस्पॅनिका, तीसुद्धा मेक्सिको-ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातलीच, वर्षायू, निळी-जांभळी बारीक फुलं. नावात हिस्पॅनिका असलं तरी स्पेनशी तिचा संबंध नाही. अॅझ्टेक राज्यात मका, घेवडा यांच्या बरोबरीने चिया हे खंडणीत भरायचं धान्य होतं, त्या काळच्या चित्रलिपीतल्या नोंदवहीत त्याचे कणगेच्या कणगे काढलेले आहेत. सब्जा म्हणजे तुळशीच्या जवळचा, वंशच वेगळा, कूळ मात्र एक. भिजवल्यावर बुळबुळीत थर येणं हे या कुळात बऱ्याच बियांना जमतं. बी मातीला चिकटून राहावी, पाणी धरून ठेवावं, एवढाच त्यामागचा झाडाचा स्वार्थ. म्हणजे ऑफिसातलं भांडण चालू ठेवायला हरकत नाही.

अवांतरात अवांतर, २०१७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोझमेरीलाही साल्व्हियातच आणून बसवलंय. जनुकांवरून ती आतच निघाली.

खवचट_काका
म्हणजे उद्या तुळशीलाही साल्व्हिया म्हणाल. आणि ती नशेची साल्व्हिया कुठली हो? एकदा पेपरात वाचलं होतं.

पानोपानी
काका तुम्ही विषय बरोब्बर तिकडे नेणार याची खात्री होती. ती साल्व्हिया डिव्हिनोरम, ओआहाका राज्यातल्या माझातेक लोकांच्या डोंगरातली. ओलसर ढगाळ जंगलातल्या ओढ्याकाठी, सावलीत वाढते, फूल पांढरं आणि पेला जांभळा. माझातेक वैदू रोगनिदानाच्या विधीत पान वापरतात, त्यांच्यासाठी ती पवित्र गोष्ट आहे, पार्टीची नाही. वासन आणि हॉफमन या संशोधकांनी १९६२ मध्ये नमुना मिळवला आणि त्याच वर्षी शास्त्रीय नाव पडलं. बी जवळजवळ धरतच नाही, फांदी मातीला टेकली की मुळं फुटतात आणि तशीच ती पसरत राहते. तोलुकाकरांच्या झुडपाशी तिचा संबंध वंशापुरता. यापुढे याच्यावर प्रश्न आले तर मी उत्तर देणार नाही, सांगून ठेवते.

संपादक मंडळ
धागा मूळ विषयावर राहू द्यावा ही विनंती.

निवांत
मला इतिहासात रस आहे म्हणून विचारतो, ही झाडं युरोपात कधी गेली? म्हणजे फुल्जेन्स नाव कोणी दिलं?

पानोपानी
स्पेनच्या राजाने न्यू स्पेनमध्ये, म्हणजे आजच्या मेक्सिकोत, १७८७ मध्ये शास्त्रीय मोहीम पाठवली होती, सेसे आणि मोसिन्यो ही त्यातली मोठी नावं. तिकडून बिया माद्रिदच्या राजेशाही बागेत यायच्या आणि तिथे बसून काव्हानियेस नावाचा पाद्री-वनस्पतिशास्त्रज्ञ उगवलेल्या झाडांची वर्णनं छापायचा. फुल्जेन्स १७९१ ची, पांढऱ्या फुलांची आणि जांभळ्या लोकरी पेल्याची ल्युकान्थाही त्याच वर्षीची, आणि डेलियासुद्धा त्यानेच त्याच वर्षी प्रसिद्ध केली. तो स्वतः मेक्सिकोला कधी गेला नाही. पुढे हुम्बोल्ट आणि बाँप्लाँ हे प्रवासी-शास्त्रज्ञ १८०३-०४ मध्ये मेक्सिकोभर फिरले, त्यांच्या नमुन्यांवरून कुंथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणखी नावं दिली, मायक्रोफिला ही त्यातली. विसाव्या शतकात कार्ल एप्लिंगने १९३९ मध्ये अमेरिका खंडांतल्या बहुतेक साल्व्हियांचा एकत्र आढावा घेतला आणि आजही काम करणाऱ्याला आधी तोच उघडावा लागतो. जगात साल्व्हियाच्या हजाराच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या सुमारे ३०० एकट्या मेक्सिकोत.

मला यात एक गोष्ट खटकते ती म्हणजे डोंगरात राहणाऱ्यांना ही झाडं आधीपासून माहीत होती, औषधाला वापरात होती, त्यांची नावं होती, आणि आपण "शोध लागला" १७९१ असं लिहून मोकळे होतो.

रानजाई
+१ शेवटच्या परिच्छेदाला. मोनार्कच्या बाबतीतही तेच, जानेवारी १९७५ मध्ये कॅनडाचे कीटकशास्त्रज्ञ उर्कहार्ट यांच्यासाठी केन ब्रगर आणि कातालिना आग्वादो यांनी वसाहत "शोधली" आणि पुढच्या वर्षी ती नॅशनल जिओग्राफिक मासिकाच्या मुखपृष्ठावर आली. आजूबाजूच्या गावांना ती पिढ्यानपिढ्या माहीत होती, मृतांच्या सणाच्या सुमारास येतात म्हणून पूर्वजांचे आत्मे परत आले असं मानतात तिथे.

पण माझा मुद्दा वेगळा आहे आणि जरा विरोधी आहे, राग मानू नका. साल्व्हिया, सेनेसिओ वगैरे झुडपं उजेड असेल तिथे माजतात ना? ओयामेलचं जंगल दाट असेल तर खाली अंधार. मग वाटेच्या कडेला फुलं भरपूर दिसतात याचा अर्थ जंगल विरळ झालंय असा नाही का होत? मोनार्कला तर दाट छप्पर लागतं, रात्री ऊब अडवून धरायला आणि पाऊस अंगावर येऊ न द्यायला. अंगावर ओल आणि वर थंडी असली की ती मरतात. मार्च २०१६ च्या वादळात झाडंही पडली आणि फुलपाखरंही लाखांनी मेली, आणि मग पडलेली झाडं उचलून न्यायची की तशीच ठेवायची यावर केवढा वाद झाला. त्यामुळे "झुडूप वाढलं की चांगलं" असं सरळ गणित मांडता येणार नाही असं मला वाटतं.

तोलुकाकर
रानजाई, राग कसला, हाच प्रश्न यायला हवा होता. सरळ गणित नाहीच. साल्व्हिया तुम्हाला दाट भागाच्या पोटात फारशी दिसणार नाही, ती ओढ्याच्या कडेला, पायवाटेला, जुनं झाड नैसर्गिकरीत्या पडून झालेल्या झरोक्यात. असे झरोके जुन्या जंगलात असतातच. आणि फुलपाखरं पाण्याला म्हणून खाली येतात तेही अशाच ठिकाणी, त्यामुळे दोघांची गाठ पडते. पण करवतीने पाडलेलं मोकळं रान आणि झरोका यात फरक आहे. मोकळ्या रानात पहिल्या वर्षी फुलं जोरात येतील, फोटो झकास येतील, आणि त्याच मोकळ्या जागेतून रात्री जंगलाची ऊब निघून जाईल.

बेकायदा तोड अजून चालते. रोसारिओ अभयारण्याचं काम बघणारे, तोडीच्या विरोधात बोलणारे ओमेरो गोमेझ गोन्झालेस जानेवारी २०२० मध्ये बेपत्ता झाले आणि महिनाअखेरीला त्यांचा मृतदेहच सापडला. त्यामुळे इथे बसून सल्ले देणं सोपं आहे एवढं मी ओळखून आहे. जमीन गावांच्या सामाईक मालकीची आहे, एहिदो म्हणतात, वाटाडे तिथलेच, पाहुण्यांच्या हंगामावर त्यांचं वर्ष निघतं.

आकडे बघायचे तर हिवाळ्यात मोनार्कनी व्यापलेलं जंगल १९९६-९७ ला १८ हेक्टरच्या वर होतं, २०१३-१४ ला ०.६७ हेक्टर, २०२३-२४ ला ०.९० आणि २०२४-२५ ला १.७९. वर-खाली होतं पण कुठल्या दिशेला चाललंय ते दिसतंय. यातलं बरंचसं कारण उत्तरेत आहे, मोनार्कच्या अळ्या ज्या मिल्कवीडवर जगतात ती शेतातून तणनाशकाने गेली. हा दोष मेक्सिकोच्या जंगलावर टाकून चालत नाही.

निवांत
तापमान वाढतंय त्याचं काय? डोंगरावर वर सरकायला जागा तरी आहे का?

पानोपानी
आहे पण संपत आलीये. ओयामेल साधारण २,४०० ते ३,६०० मीटरच्या पट्ट्यातलं झाड, आणि राखीव क्षेत्रातले डोंगर त्याहून फारसे उंच नाहीत. म्हणजे हवामान वर सरकलं तर वर जमीनच नाही. मिचोआकान विद्यापीठातले साएन्झ-रोमेरो यांच्या गटाचा अंदाज आहे की या शतकाच्या अखेरीस राखीव क्षेत्रात ओयामेलला मानवणारं हवामान उरणार नाही. म्हणून त्यांनी तोलुकाच्या ज्वालामुखीच्या उतारावर, ४,००० मीटरपर्यंतच्या उंचीवर, ओयामेलची रोपं लावून बघितली. आणि तोलुकाकर, तुमच्या मधल्या थराला इथे पुरावा मिळतो, कारण ती रोपं उघड्यावर लावली तर दुपारच्या उन्हाने आणि रात्रीच्या हिमाने जातात, झुडपाच्या आडोशाला लावली तर तगतात. त्यासाठी तिथे प्रामुख्याने बॅकॅरिसची झुडपं वापरली, साल्व्हिया नाही, पण तत्त्व तेच. आधी झुडूप, मग झाड.

मृण्मयी_
बापरे, हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

चिमणपाखरू
तोलुकाकर, एखादी फांदी आणली का हो घरी? लावता येते का?

तोलुकाकर
नाही, आणि आणूही नये. राखीव क्षेत्र आहे, वाटाडा सोबत असल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि वाट सोडून पाऊल टाकलं तरी हटकतात, बरोबरच आहे. शिवाय या जाती जगभरच्या बागांमध्ये कधीच्या पोचल्यात, जंगलातून तोडायची गरजच नाही. बाकी ज्यांना रोप मिळेल त्यांच्यासाठी, फांदी सहज जगते. फुलावर नसलेली, जरा जून झालेली फांदी, दोन पेरं मातीत, खालची पानं काढून, सावलीत. पाणी साचलं की संपलं. ही ज्वालामुखीच्या मातीतली झाडं आहेत, मुळाशी हवा लागते त्यांना.

पानोपानी
आणि फुलं कधी येणार म्हणून घाई नको. एलेगान्स, ल्युकान्था यांना दिवस लहान झाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत. अंगणात रात्रभर दिवा असेल तर झाड हिरवंगार राहील आणि फुलणार नाही, मग लोक खत घालत बसतात, त्याने अजून पाला.

सावनी_
अरे हे दिव्याचं भारी आहे. आमच्याकडचं कोडं सुटलं बहुतेक.

रानजाई
मी जायचं ठरवतेय. तिथे तीन-चार लाल साल्व्हिया दिसतात म्हणालात ना, त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? मी बी.कॉम. आहे, त्या हिशोबाने सांगा.

तोलुकाकर
बी.कॉम.च्या हिशोबाने सांगतो, मीही काही वनस्पतीवाला नाही.

वर ओयामेलमध्ये, थंडीत कुडकुडत असाल तिथे, टोपीवर लाल लव असलेलं फूल आणि तपकिरी-लाल पेला, ती फुल्जेन्स. जरा खाली ओक-पाइनमध्ये आलात, फूल बारीक सडपातळ, पानं पोपटी आणि पान नुसतं बोटांनी घासलं तरी अननसाचा वास आला तर एलेगान्स, यात चूक होऊच शकत नाही, घासायचं फक्त, तोडायचं नाही. माणसापेक्षा उंच दांडगं झुडूप, फूल बोटाएवढं लांब, केशरटपणाकडे झुकणारं लाल आणि फांदी हाताला चिकट लागली तर जेस्नेरीफ्लोरा. आणि निळं-जांभळं दिसलं तर ती मेक्सिकाना, ती लाल नाही म्हणून गोंधळ नाही.

जायचंच तर फेब्रुवारीत, कामाच्या दिवशी. शनिवार-रविवारी गर्दीत झुडूप दिसत नाही, माणसांच्या पाठी दिसतात. सकाळी लवकर चढू नका, फुलपाखरं थंडीने हलत नसतात, दहा-अकराला ऊन आलं की उठतात आणि मग खाली फुलांवर येतात. ३,००० मीटर उंची आहे, पहिल्याच दिवशी चढायला गेलात तर डोकं धरेल, एक रात्र अंगांग्वेओला काढा.

विहंगम
आणि दुर्बीण न्या, पण अगदी जवळचं फोकस होणारी. फ्लॉवरपिअर्सर पाच-सहा फुटांवर येऊन बसतो आणि मोठ्या दुर्बिणीतून तेव्हा नुसता धूसर ठिपका दिसतो.

खवचट_काका
फोटो अजून आलेले नाहीत याची नोंद घ्यावी.